कांजीचा थर

दौलतकाका घाडींच्या हातात कुणी कागदात गुंडाळून पाव दिला, तर ते आधी कागद बघतात, मग पाव. कागद उजेडाकडे धरतात, त्यावरून अंगठा फिरवतात, कडेला नखाने खरवडतात. "ह्याका मेण नाय," असं पुटपुटून कागदाची घडी करतात आणि सदऱ्याच्या खिशात टाकतात. सुचित्राकाकू कपडे धुवायला घेण्याआधी तो खिसा उलटा करतात. कधी वडापावचा कागद निघतो, कधी खारीचा. यावर बोलणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं आहे.

काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत कुणाचं आयुष्य पोस्टात गेलं, कुणाचं बेस्टमध्ये. काकांचं आयुष्य कशावर तरी कसला तरी थर चढवण्यात गेलं. आधी सुतावर कांजीचा, मग कागदावर मेणाचा. तिसरा थर चढवायची पाळी येईल असं त्यांच्या मनातही नव्हतं. तोवर ते निवृत्त होऊन गॅलरीत पेपर वाचत बसायला लागले होते.

देवगडकडच्या गावातून ते मुंबईत आले तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. मामाने ओळख लावून परळच्या एका मिलमध्ये बदली कामगार म्हणून चिकटवलं. खातं मिळालं सायझिंगचं. मागावर चढण्याआधी उभ्या सुताला कांजी पाजावी लागते, नाहीतर विणताना धागा तटातट तुटतो. ते काम या खात्यात चाले. मोठाल्या टाक्यांमध्ये मक्याचं पीठ वाफेवर शिजायचं, त्यात चरबी पडायची, आणि हजारो धागे त्या कांजीत बुडून, तापलेल्या सिलिंडरांवरून सुकत सुकत पलीकडे बीमवर, म्हणजे भल्यामोठ्या रिळावर, गुंडाळले जायचे. आत इतकी वाफ असे की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागे. मागावर काम करणारे साचेवाले या लोकांना "पेजवाले" म्हणून चिडवत. काकांना त्याचं काही वाटत नसे. पेजेवर वाढलेल्या माणसाला पेजवाला म्हटलं तर तो कशाला चिडेल?

कांजीचा तो वास घरापर्यंत अंगाला चिकटून यायचा. नवीन लग्न होऊन चाळीत आलेल्या सुचित्राकाकूंना पहिल्या संध्याकाळी वाटलं, शेजारी कुणाच्या तरी चुलीवर पेज उतू गेली आहे. त्या दोन घरं विचारून आल्या. मग नवरा दारात उभा राहिला, आणि पेज कुठे उतू गेली ते त्यांना कळलं.

खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, होते शामराव, सगळ्यांचे नाना. बुटके, रुंद खांद्यांचे, बोलायला कमी. कांजी शिजली की नाही हे ते चिमटीत घेऊन बघत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब चोळायचे, बोटं हळूच फाकवायचे, मधे तार कशी निघते ते निरखायचे. काकांना त्यांनी हाताला धरून शिकवलं. पावसाळ्यात एकदा ते त्यांना खाली गोडाउनमध्ये घेऊन गेले. कापडाच्या एका ठाणाची गुंडाळी उलगडली. आत करड्या-काळ्या ठिपक्यांची रांगच्या रांग होती. कांजी म्हणजे शेवटी पीठच, दमट हवेत तिला बुरशी धरणारच. म्हणून शिजताना तिच्यात जस्ताचं औषध घालायचं असतं, आणि या ठाणाच्या वेळी ते कमी पडलं होतं.

"वास घे," नाना म्हणाले. काकांनी घेतला आणि तोंड फिरवलं.

"हा वास आला की समजायचं, आपल्या आधी कुणीतरी जेवून गेलंय."

मग संप आला. साऱ्या गिरणगावाचं झालं तेच काकांचंही झालं. काकूंना घेऊन ते गावी गेले, भावाच्या शेतात राबले, आज मिल उघडेल, उद्या उघडेल म्हणत राहिले. ती काही पुन्हा उघडली नाही. संपाची आठवण निघाली की चाळीतली माणसं मोर्चे आणि भाषणांविषयी बोलतात. काका मात्र एका टाकीविषयी बोलतात. शेवटच्या पाळीला त्यांनी कांजी चढवली होती. ती तशीच राहिली असणार. सुकली असेल, तडकली असेल, वर केसाळ बुरशी आली असेल. चाळीसहून अधिक वर्षं झाली, मिलच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, तरी ती टाकी कुणी धुतली असेल का, हा प्रश्न त्यांना पडतो.

मुंबईत परतल्यावर काम मिळालं ते लालबागला, हितेंद्रभाईंच्या गाळ्यात. तिथे बेकऱ्यांसाठी मेणकागद बनत असे. वितळलेल्या मेणात रूळ फिरायचा, रुळावरून कागद सरकायचा, पोलादी पट्टी जास्तीचं मेण निपटून काढायची. सूत सोडून कागद आला होता एवढंच, बाकी गणित तेच. काका त्या मशीनवर असे रुळले की हितेंद्रभाई बाहेरगावी जाताना गाळ्याची चावी त्यांच्याकडे ठेवून जात. त्या काळी अर्ध्या मुंबईचा पाव मेणकागदात यायचा. दुकानात पाव घेताना काकू शेजारणीला कागद दाखवून सांगत, "ह्यो आमच्या ह्यांचो."

पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. मेणकागद मागणाऱ्या बेकऱ्या एकेक करून गळाल्या. मशीनवर ताडपत्री पडली, गाळ्यात लेबलं छापायचं काम सुरू झालं. काका तेही करत राहिले, पण लेबलांत त्यांचं मन कधी बसलं नाही. हितेंद्रभाई गेले त्याच वर्षी काकांनी निवृत्ती घेतली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, लालबागला मसाल्याच्या मिरच्या कुटायच्या दिवसांत, हितेंद्रभाईंचा मुलगा निमेश स्वतः चाळीचे जिने चढून आला. चहा घेतला, आईची खुशाली सांगितली, आणि मग मुद्द्यावर आला. परळच्या एका बेकरीला प्लास्टिक नको होतं. गिऱ्हाइकं कागद मागत होती, पण साध्या कागदात मुंबईच्या हवेत पाव टिकत नव्हता. माटुंग्याच्या एका संस्थेत कागदावरच्या नव्या लेपाचं संशोधन चाललं होतं. प्रयोगशाळेत तळहाताएवढ्या तुकड्यांवर तो जमला होता, आता लांब रिळावर करून बघायचा होता. निमेशला वडिलांचं मशीन आठवलं.

"काका, मशीन आहे, पण चालवणारा तुमच्याशिवाय कोण उरलाय?" तो म्हणाला. "एकदा येऊन बघा तरी."

तो गेल्यावर काकूंनी कपबशा उचलल्या. "आता ह्या वयात खंय जातलात? तुमका झेपतला?"

काका म्हणाले, नुसतं बघून येतो. काकूंनी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा काढून ठेवला, त्यावरून काय ते समजायचं.

गाळ्यात ताडपत्री निघाली तेव्हा जुन्या मेणाचे थर रुळावर पिवळे पडून बसले होते. ते खरवडून, गरम पाण्याने धुऊन मशीन उघडं करण्यातच बरेच दिवस गेले. गाळ्यात लेबलं कापणारी रखमा मदतीला होती. चाळिशीची, लालबागचीच, हाताला चपळ. मशीन चकचकीत झालं त्या दिवशी माटुंग्याच्या संस्थेतून लेपावर संशोधन करणारी अक्षदा आली. ठाकूरद्वारला वाढलेली, तिशीतली, नीटस बोलणारी मुलगी. काका तिला मॅडम म्हणाले. तिने काका म्हणायला सुरुवात केली, आणि दोन-तीन भेटींत मॅडमची बाय झाली.

तिच्याकडे एका बाटलीत दुधासारखं पांढरं पाणी होतं. तिने सांगितलं की यात जस्ताच्या भस्माचे कण आहेत, पण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. यांनाच नॅनो म्हणतात. कण जितका लहान तितकं त्याचं अंग उघडं, म्हणून चिमूटभर जस्त पुष्कळ काम करतं. बुरशी आणि जंतू कागदावर येऊन बसले की हे जस्त त्यांच्या अंगावरचं कवच फोडतं, त्यांची वाढच होऊ देत नाही.

"डोळ्यांना दिसणा नाय, तर ता तिथे आसा ह्या कसा समजाचा?" काकांनी विचारलं.

"पाव सांगेल," अक्षदा हसून म्हणाली. "शिवाय आमच्याकडे मोठी दुर्बीण आहे. तुम्हाला दाखवेन."

जस्त म्हटल्यावर काकांनी मिलमधल्या औषधाचा विषय काढला. अक्षदाने तो मन लावून ऐकला. मग म्हणाली की ते जस्त वेगळं, पाण्यात विरघळणारं. कापड धुतलं की निघून जायचं, म्हणून चाललं. इथे कागदाला पाव टेकणार, आणि पाव माणसाच्या पोटात जाणार. जस्ताने कागदावरच बसून राहिलं पाहिजे, पावात उतरता कामा नये. तिची निम्मी मेहनत त्याच्यावरच खर्च झाली होती. काकांनी मान डोलावली. हे त्यांना पटलं, आणि नवीनही होतं. त्यांच्या मिलमध्ये कापडाला कोण तोंड लावणार, हा प्रश्नच नव्हता.

"मग त्यांना धरून कोण ठेवणार कागदावर?" त्यांनी विचारलं.

"पीठ," अक्षदा म्हणाली. "मक्याचं पीठ शिजवायचं, थोडं ग्लिसरीन घालायचं म्हणजे थर तडकत नाही, आणि त्यात हे कण."

तिने स्टीलच्या भांड्यात पाणी तापत ठेवलं, कालवलेलं पीठ हळूहळू ओतलं. बाहेर गल्लीत मिरच्या कुटल्या जात होत्या, त्यांचा ठसका गाळ्यात येत होता. भांड्यातलं पांढरं पाणी दाट झालं, मग पारदर्शक झालं, आणि वाफेबरोबर तो वास वर आला. त्यात चरबी नव्हती, तापलेलं लोखंड नव्हतं. तरी तोच. काका मशीनचा खांब धरून उभे होते, ते हळूच स्टुलावर बसले. वाफेमागे कुणीतरी उभं आहे, आता हाक मारेल, असं त्यांना वाटलं. रखमा पाणी घेऊन धावली. अक्षदाला वाटलं, चक्कर आली.

"काय नाय गो," काका म्हणाले. "जुनो वास."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर काकूंनी दार उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या सदऱ्याजवळ नाक नेलं, मग आत गेल्या. जेवताना त्यांनी पेज वाढली. मागितली नव्हती.

पहिल्या रिळाचा कागद मात्र फसला. अक्षदाने त्यात पाव गुंडाळून, दमट हवेच्या पेटीत ठेवले होते. साध्या कागदातला पाव हिरवा पडला, ते ठरल्यासारखंच होतं. पण लेपाच्या कागदातल्या पावावरही बुरशी होती, आणि तीही पट्ट्यापट्ट्यांनी, कुणी आखून दिल्यासारखी. काकांनी तो पाव उलटा-सुलटा करून बघितला. पट्टे कागदाच्या लांबीत होते. म्हणजे तिथे थर नीट बसला नव्हता, म्हणजे पट्टीचा दाब चुकला होता, म्हणजे आपला हात चुकला होता. तो हात हल्ली चहाचा कप धरतानाही थरथरतो, हे त्यांनी निमेशला सांगितलं नव्हतं. ते घरी आले आणि आता जाणार नाही म्हणाले.

काकूंनी समजूत वगैरे घातली नाही. "कापड कधी फुकट गेला नाय काय तुमचा मिलमध्ये?" एवढंच विचारलं आणि खोबरं खवायला बसल्या.

दोन-तीन दिवसांनी अक्षदा चाळीत आली. मोबाइलवर तिने दुर्बिणीतून काढलेले फोटो आणले होते. करड्या पडद्यावर पांढऱ्या गुठळ्या दिसत होत्या, वाटाण्याच्या ढिगासारख्या. तिचे बारीक कण कांजीत एकमेकांना चिकटून बसले होते. जिथे ढीग तिथे जस्तच जस्त, आणि मधल्या जागा उघड्या. ढीग पट्टीखाली अडकत, आणि त्यांच्या मागे कागदावर रेघ उमटे.

"म्हणजे माझा हात नव्हता?" काकांनी विचारलं.

"हातही होता," ती खरं तेच म्हणाली. "पट्टी मेणाच्या अंदाजाने बसवली होती आपण, हा थर त्याहून पातळ हवा. पण आधी चूक माझ्या भांड्यातली आहे. चला ना काका, दोन्ही सुधारू."

तिच्या "आपण"मुळे असेल, की चूक वाटून घेतल्यामुळे, काका उठले. पुढचे कितीतरी दिवस गाळ्यात तेच चाललं. अक्षदा संस्थेतून कण आवाजाच्या लहरींनी विस्कटून आणू लागली. कांजी थंड झाली की कण पुन्हा गोळा होत, म्हणून भांडं कोमट ठेवून सारखं ढवळत राहायचं ठरलं. ते काम रखमाने घेतलं. निमेशने नवी, बारीक स्क्रूची पट्टी आणवली, म्हणजे दाब हाताच्या थरथरीवर अवलंबून राहू नये. काका कागदाच्या ताणावर नजर ठेवत. श्रावण उजाडला, काळाचौकीत गणपतीच्या मंडपाचे बांबू पडले, तेव्हा कुठे एक रीळ असं निघालं की अंगठ्याखाली कुठेच अडकत नव्हतं.

या खेपेला पेटी उघडताना गाळ्यातली सगळी जमली. साध्या कागदातला पाव हातात धरवत नव्हता. लेपाच्या कागदातला पाव काकांनी मोडला. तो कडक झाला होता, पण आतून-बाहेरून स्वच्छ होता.

"शिळो झालो," काका म्हणाले, "पण कोणी जेवान गेला नाय."

अक्षदाला ते कळलं नाही. मग त्यांनी तिला गोडाउनमधल्या ठाणाची गोष्ट सांगितली, आणि ती सांगता सांगताच त्यांच्या मनात आलं की हे नानांना दाखवलं पाहिजे.

नाना हयात होते. परळला मुलाकडे, प्रफुल्लकडे असत. नव्वदीच्या घरात पोहोचले होते आणि सगळं विसरत चालले होते. काका अधूनमधून जाऊन येत, पण गेल्या दोन खेपांना नानांनी त्यांना ओळखलं नव्हतं, आणि मग काकांचे पाय तिकडे जड झाले होते. आता त्यांनी अक्षदाकडे एक विनंती केली. कण घालण्याआधीची, नुसत्या पिठाची कांजी डबाभर हवी होती. म्हातारा माणूस बोट तोंडात घालील, म्हणून जस्ताशिवाय. तिने डबा भरून दिला. काकांनी तो पंच्यात गुंडाळला आणि गरम आहे तोवर पोहोचावा म्हणून टॅक्सी केली.

दार नानांच्या सुनेने, किर्तीने उघडलं. नाना खिडकीशी खुर्चीत बसले होते. खांदे आता नुसते हाडाचे उरले होते. काकांनी पाया पडून नाव सांगितलं. नाना सौम्यपणे हसले, जसं कुठल्याही पाहुण्याकडे बघून हसावं. काकांनी डब्याचं झाकण काढून तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

मग नानांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी डब्यात बोट बुडवलं, अंगठ्याने थेंब चोळला, बोटं हळूहळू फाकवली आणि मधली तार डोळ्यांसमोर धरली. हात स्थिर होता. प्रफुल्ल आतल्या खोलीतून येऊन दारातच थांबला.

"पातळ आहे," नाना म्हणाले. आवाज खणखणीत होता. "अजून वाफ दे. आणि नवीन बीम लावलं का?"

"लावलं, नाना."

"एकटा आहेस आज?"

"हो."

"दौलत गावाला गेलाय," नाना म्हणाले. "संप मिटला की येईल तो. त्याची जागा कुणाला देऊ नकोस."

काकांना बोलायचं होतं की नाना, मीच तो, मी आलोय. पण नाना इतक्या विश्वासाने त्यांच्याकडे बघत होते, की जणू खात्याची जबाबदारी आता याच माणसावर होती. काकांनी त्यांची चिकट बोटं पंच्याने पुसली.

"नाही देत, नाना," ते म्हणाले.

त्यानंतर नानांना झोप लागली. किर्तीने चहा केला. जिन्यापर्यंत सोडायला आलेला प्रफुल्ल म्हणाला की बाबा इतकं सलग बोलल्याला वर्ष उलटलं असेल. काका परळहून काळाचौकीपर्यंत चालत आले. वाटेत काचेची ती इमारत लागते, तिच्यासमोर ते जरा थांबले. बावीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा गावाला गेला आहे आणि इथे कुणीतरी त्याची जागा राखून बसलं आहे, इतकी वर्षं, हे त्यांना माहीतच नव्हतं. घरी पोहोचेपर्यंत डोळे दोनदा पुसावे लागले.

थंडीत नाना गेले. काका खांदा द्यायला होते.

कागदाचं काम अजून संपलेलं नाही. लेपातलं जस्त पावात किती उतरतं याच्या तपासण्या चालू आहेत. त्या पुऱ्या होऊन मंजुरी मिळाल्याशिवाय बेकरीला एक ताव द्यायचा नाही, असं अक्षदाने निमेशला बजावून ठेवलं आहे. वेळ लागेल, कदाचित पुष्कळ. काकांना त्याची घाई नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी ते गाळ्यात जातात, जास्त वेळ स्टुलावर बसतात आणि मशीन रखमाला चालवू देतात. तिचा हात आता बसला आहे. ताण सैल पडला तर कागदाच्या आवाजावरून तिला कळतं.

परवा कांजी ढवळता ढवळता तिने विचारलं, काका, तुमच्या मिलमध्ये ही किती मोठ्या भांड्यात शिजवायचे? काकांनी स्टूल पुढे ओढलं. टाक्या केवढ्या होत्या ते हात पसरून दाखवलं, वाफ कशी असायची, साचेवाले काय म्हणून चिडवायचे, नाना कसे चालायचे, सगळं सांगायला घेतलं. ते संपाच्या आधीच्या वर्षापर्यंत आले होते, तेवढ्यात रीळ संपलं. रखमाने मशीन थांबवलं, काकांनी पदराचं टोक धरावं तसं कागदाचं टोक धरलं, आणि दोघं नवीन रीळ चढवायला लागली.